अधिकातली अक्षत

ते साल दोन हजार तेवीस. अधिक श्रावणाचं साल, म्हणून सोलापूरच्या बायकांच्या ते नीट लक्षात राहिलं आहे. घरोघर अनारशांचे तांदूळ भिजत होते, जावई वाणाची ताटं घेऊन परतत होते, आणि पावसानं मात्र तोंड फिरवलं होतं. अधिकात लग्न नाही, वास्तुशांत नाही, कसलंच कार्य नाही. त्यामुळे नवी पेठेतली कापडदुकानं दिवसभर पेंगत असायची. राजशेखरच्या दुकानावरच्या माडीत एरवी साड्यांचे गठ्ठे आढ्याला टेकलेले असत. त्या महिन्यात माडी मोकळी होती. तिथंच त्याच्या बायकोनं, चंद्रिकानं, आपला वर्ग भरवला, आणि पुढचं सगळं त्यावरून झालं.

चंद्रिका अ‍ॅक्युपंक्चर करायची. केसासारख्या बारीक सुया अंगावर ठरलेल्या जागी लावायच्या आणि दुखणं उतरवायचं, असं ते शास्त्र. पुण्याला राहून ती ते शिकली, मुंबईच्या अ‍ॅक्युपंक्चर परिषदेकडे रीतसर नोंदणी केली आणि दुकानामागच्या खोलीत दोन खाटा टाकून बसली. आधी लोक हसले. मग शिलाई मशीनवर मान धरलेल्या बायका, गिरणीत उभं राहून पाय गेलेले म्हातारे, असे एकेक येऊ लागले. येत नव्हती ती फक्त तिची सासू.

कमलम्मा तेव्हा सत्तरीच्या पुढची. गुडघे गेलेले. जिना उतरताना एक पाय खाली टाकायचा, दुसरा त्याच पायरीवर आणून ठेवायचा, 'शिवशिव' म्हणायचं आणि मग पुढची पायरी, असं तिचं चाले. सून त्याच घरात, सुया त्याच घरात, पण तिनं कधी गुडघा पुढं केला नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "सुनेपुढं लुगडं वर करून बसू काय?" तेवढंच कारण नव्हतं. सून चांगली होती, दोघींत कधी आवाज चढला नव्हता. पण माणूस चांगलं असणं वेगळं आणि त्याच्या हाती अंग सोपवणं वेगळं. चंद्रिकाच्या हाताला गुण आहे असं पेठेतले लोक सांगायचे, तेव्हा कमलम्मा मान हलवायची आणि निजताना ओव्याचं तेल चोळायची.

तिचं खरं दुखणं आणखी निराळं होतं. तिचा थोरला भाऊ चनबसप्पा होटगीला राहायचा. होटगी म्हणजे सोलापूरच्या दारातच, पण तो तिच्या घराची पायरी चढत नव्हता. ही गोष्ट राजशेखरच्या लग्नापासूनची. कमलम्माचा नवरा शिवकुमार नव्या विचारांचा. त्यानं छापील पत्रिका पोस्टात टाकल्या, वरून फोन केले, आणि झालं की आमंत्रण म्हणाला. कमलम्मानं त्याला सांगितलं होतं की माझ्या भावाला अक्षत गेली पाहिजे. तांदळाला कुंकू लावायचं, घरच्या सवाष्णीनं दारात जाऊन कपाळाला बोट टेकवायचं आणि ते दाणे हातात ठेवायचे, ते बोलावणं. बाकी सगळं नुसतं कळवणं. शिवकुमार म्हणाला, येईल की, न यायला काय झालं. चनबसप्पा आला नाही. भाच्याच्या लग्नात मामाची जागा रिकामी राहिली, आणि अंतरपाटामागं नवऱ्यामुलाच्या पाठीशी कुणातरी चुलत्याला उभं करावं लागलं.

पुढं शिवकुमार गेला तेव्हा चनबसप्पा आला, कारण मयताला बोलावणं लागत नाही. पण रुद्रभूमीत माती दिली आणि तिथूनच परत गेला. कमलम्मा माहेरी गेली की तो मायेनं वागायचा, जवळ बसवून घ्यायचा. निघताना मात्र ठरलेलं एक वाक्य असायचं. "तुज्या घरी कार्य निघू दे, तंगी. अक्षत घिऊन ये. येतो." तंगी म्हणजे कानडीत धाकटी बहीण. म्हातारपणीही तो तिला तसंच हाक मारायचा.

कार्य निघणार कुठून? राजशेखर-चंद्रिकाला मूल झालं नाही. बारसं नाही, जावळ नाही. पहिली काही वर्षं कमलम्मानं वाट पाहिली, मग वाट पाहणं सोडलं आणि त्याबद्दल बोलणंही सोडलं. भाऊ म्हातारा होत चालला होता. कंबरेतून पायात कळ जाते, बैलाला पाणी दाखवायला उठवत नाही, असं भाच्यांकडून कळायचं.

अशात चंद्रिकाच्या वर्गाला शिकवायला व्हिएतनामहून एक बाई यायचं ठरलं. डॉक्टर लान त्यांचं नाव. चंद्रिका पुण्याला शिकत असताना त्या तिथं येऊन गेल्या होत्या, तेव्हापासूनची ओळख. बाहेरदेशीच्या शिक्षकाला इथं शिकवायचं तर तात्पुरता परवाना काढावा लागतो. त्यासाठी चंद्रिका कित्येक महिने मुंबईला फोन करत होती. परवाना आला त्या दिवशी तिनं जेवताना सगळं समजावून सांगितलं. हा परवाना फक्त शिकवण्यापुरता, वर्गाच्या दिवसांपुरता आणि आपल्या माडीपुरता. लानबाईंनी स्वतः सुई लावून दाखवायची ती वर्गातल्या विद्यार्थ्यांना. बाहेरच्या दुखणाऱ्या माणसाला त्यांनी सुई लावायची नाही. ती लावायची इथली नोंदणी असलेल्यानं, म्हणजे चंद्रिकानं, आणि लानबाईंनी बाजूला उभं राहून सांगायचं. यजमान म्हणून हमी चंद्रिकाची. वावगं काही झालं तर लानबाईंचा परवाना जाईल आणि चंद्रिकाच्या नोंदणीवरही येईल. वर्ग नीट पार पडला तर तिच्या केंद्राला मान्यता मिळायची होती. सात-आठ वर्षं ती त्यासाठी झिजत होती.

राजशेखरनं हे सगळं ऐकलं. कमलम्मानं 'परवाना आला' एवढंच ऐकलं, कारण तेवढ्यात तिच्या डोक्यात वेगळंच सुरू झालं होतं. परदेशची डॉक्टरीण घरी येणार. माडीवर माणसं जमणार. शेवटच्या दिवशी दुखणाऱ्यांना फुकट सुया लावणार. आणि महिना अधिकाचा. ह्या महिन्यात केलेलं दान वाढून पदरात पडतं. हे कार्य नाही तर मग कार्य म्हणायचं कशाला?

अक्षत द्यायला सवाष्ण लागते. कमलम्मा स्वतः विधवा. घरात सवाष्ण होती ती चंद्रिकाच, पण कमलम्मानं तिला विचारलं नाही. तिला कामं फार आहेत, असं तिनं स्वतःला सांगितलं, आणि शेजारच्या गोदावरीबाईंच्या दारात गेली. गोदावरीबाई वेणीमाधवरावांच्या बायको, शाळेतून निवृत्त झालेल्या, आणि जीभ अजून छडीसारखी. वेणीमाधवरावांचा खांदा धरला होता, हात डोक्याच्या वर जात नव्हता. तेव्हा त्यांचाही स्वार्थ होताच.

"अधिकात कसली गं अक्षत? ऐकलं तर लोक हसतील."

"हसू देत की. पुण्याचं काम हाय. चला तुमी."

पहिली अक्षत तळ्यातल्या सिद्धेश्वराला वाहिली. देवळाच्या पुलावरून परतताना गोदावरीबाईंनी विचारलं, "त्यालाही टोचणार का?" कमलम्मा म्हणाली, त्याला काय दुखतंय. मग पेठेतली घरं झाली. शिवणकाम करणारी चिमाबाई, माळ्याच्या बोळातली जगदेवी आणि तिच्या दोन जावा, देवळासमोरचे जुने शिक्षक. सगळ्यांना तिनं एकच सांगितलं, की बाहेरदेशीची डॉक्टरीण स्वतःच्या हातानं सुया लावणार आहे.

शेवटी दोघी एसटीनं होटगीला गेल्या. चनबसप्पा कट्ट्यावर एका कुशीला टेकून बसला होता. गोदावरीबाईंनी त्याला कुंकू लावलं, कुंकवानं लाल झालेले दाणे हातात ठेवले. तो बराच वेळ तळहाताकडं बघत राहिला.

"कार्य काय हाय?"

कमलम्मानं सांगितलं. त्यानं डोक्याचा पटका सोडला, त्याच्या टोकाला ते दाणे बांधले, गाठ ओढून बघितली.

"मोठ्या डॉक्टरणीचा हात लागंल म्हंतीस."

"व्हय अण्णा."

"येतो की मग."

परतीच्या एसटीत कमलम्मा सगळी वाट खिडकीतून बाहेर बघत होती. गोदावरीबाई काहीतरी बोलत होत्या, ते तिला ऐकू आलं नाही.

लानबाई आल्या. ठेंगण्या, साठी उलटलेल्या, केस बारीक कापलेले. घरात आल्या आल्या चपला बाहेर नीट ओळीत लावून ठेवल्या, त्यावरच कमलम्मा खूश झाली. कडक भाकरी मोडून शेंगाच्या चटणीशी आणि दह्याशी त्यांनी अशी खाल्ली की राजशेखर म्हणाला, ह्या मागच्या जन्मी अक्कलकोटच्या असणार. त्यांना मराठी येत नव्हतं, कमलम्माला इंग्रजी येत नव्हतं. चंद्रिका मध्ये. ती नसेल तेव्हा दोघी शेजारी बसून तांदूळ निवडायच्या आणि तेवढ्यानं त्यांचं भागायचं.

कमलम्मा दुपारी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून वर्ग बघायची. बार्शीची, पंढरपूरची, गावातली अशी पोरं-पोरी होती. लानबाई त्यांच्या मनगटाला, कोपराला, पायाला चटकन सुई लावून दाखवायच्या; हात पाण्यासारखा चालायचा. पण एक गोष्ट तिच्या डोळ्यांत खुपली. माडी झाडायला येणारी बाई एकदा कौतुकानं आपला सुजलेला अंगठा घेऊन पुढं आली, तेव्हा लानबाईंनी दोन्ही हात पाठीमागं नेऊन बोटांत बोटं अडकवली, मान लववून हसल्या आणि चंद्रिकाला हाक मारली. गरिबाला हात लावायला नको वाटतं की काय हिला, असं कमलम्माच्या मनात आलं. ती कुणाशी बोलली नाही.

शेवटच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी गोदावरीबाई विचारायला आल्या, की यांना जेवायला घालून आणू की उपाशी. चंद्रिकाला काही कळेना. शेवटच्या दिवशी वर्गाला दाखवण्यासाठी तिनं आपल्याच नेहमीच्या चार रुग्णांना बोलावलं होतं.

"अगं, अक्षत दिली की आम्ही घरोघर. होटगीपर्यंत जाऊन आलो. तुला सासूनं सांगितलं नाही?"

चंद्रिका आत आली. कमलम्मा अनारशाचं पीठ मळत होती. चंद्रिकानं विचारलं, कुणाकुणाला आणि काय सांगून बोलावलं. कमलम्मानं सगळं सांगितलं. लपवण्यासारखं आपण काही केलं आहे हे तिला अजून कळलं नव्हतं. चंद्रिका खाली बसली आणि त्या दिवशी जेवताना सांगितलेलं सगळं परत सांगितलं, सावकाश, एकेक वाक्य. ह्या वेळी कमलम्मानं सगळं ऐकलं. पिठातला हात तसाच राहिला.

दिलेली अक्षत परत घेता येत नाही. घरात सोयर-सुतक आलं तरी लोक कार्य उरकून घेतात, पण अक्षत मागं फिरवत नाहीत. आणि ही तर देवाला दिलेली, भावाच्या पटक्यात बांधलेली.

राजशेखर दुकान बंद करून वर आला. त्यानं ऐकलं आणि वाट काढली. मामांपुरतं दार लावून घ्या, म्हणाला. बाकीच्यांना चंद्रिका लावेल, मामांना तेवढं बाईंनी लावावं. मुंबईहून कोण बघायला येतंय? कमलम्माला ती वाट पटली. पटली म्हणण्यापेक्षा तिला ती हवी होती. ती उठली, हात धुतले आणि लानबाईंच्या खोलीशी गेली. चंद्रिकाला म्हणाली, मी बोलते, तू सांग.

तिनं हात जोडले. भावाची सगळी कथा सांगितली, लग्नाची, पत्रिकेची, रुद्रभूमीतून परत गेल्याची. एकदाच, दार लावून, एवढ्या एका माणसाला. चंद्रिकानं ते सगळं इंग्रजीत सांगितलं. त्यात तिची नोंदणी होती, केंद्र होतं, पण तिनं आपल्या बाजूचा एक शब्द घातला नाही की सासूचा एक शब्द वगळला नाही. भाषा येत नसली तरी कमलम्माला ते कळलं. जिथं तिचा स्वतःचा आवाज कापला होता तिथं चंद्रिकाही थांबली होती.

लानबाई ऐकत होत्या. मग त्यांनी थोडं थोडं सांगितलं आणि चंद्रिकानं तेही तसंच मराठीत आणलं.

"त्या म्हणतायत, उद्या संध्याकाळी मी निघणार. परवा तुमच्या भावाच्या पायाला मुंग्या आल्या, नाहीतर सुईच्या जागी काळंनिळं झालं, तर ते कुणाच्या दारात जातील?"

कमलम्मानं जोडलेले हात खाली घेतले.

"म्हणतायत, ज्याच्या दारात ते जाणार, सुई त्याच्याच हातची हवी. पाहुण्यानं लावून निघून जाणं बरं नाही. नियम ह्याचसाठी केलाय. मी माझ्या देशात असते तरी हेच सांगितलं असतं."

मग लानबाईंनी पाठीमागं बोटं अडकवून दाखवली आणि हसून काहीतरी म्हणाल्या. चंद्रिकाही थोडी हसली. "म्हणतायत, हात सवयीनं पुढं जातात, म्हणून असे बांधून ठेवते."

झाडणाऱ्या बाईचा अंगठा कमलम्माला आठवला.

बाहेर आल्यावर चंद्रिका म्हणाली, "लोक येऊ देत, अत्ती. मी लावते, त्या सांगतील. ते नियमात बसतं. येतील त्या सगळ्यांना लावते, उशीर झाला तरी." सासूला ती अत्ती म्हणायची, त्यांच्याकडच्या रीतीप्रमाणे. दोन पावलं जाऊन ती परत वळली. "फक्त, अक्षत द्यायला मला न्यायचं होतं की."

एवढं बोलून ती खाली गेली. कमलम्मा तिथंच भिंतीला धरून उभी राहिली. काम फार होतं म्हणून नेलं नाही, असं म्हणता आलं असतं. पण ते खोटं होतं हे दोघींनाही ठाऊक होतं. मूल नसलेली सून घेऊन भावाच्या दारात कशी उभी राहू, असं तिला तेव्हा वाटलं होतं. शब्दांत नव्हे, पण वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून माणसं येऊ लागली. माडीवर सतरंज्या घातल्या होत्या, खिडकीशी खाट, खाटेवर पांढरी चादर. वेणीमाधवराव इस्त्रीचा सदरा घालून आले. चिमाबाई आली, जगदेवी जावांना घेऊन आली. मग दुकानासमोर जीप थांबली. निंगप्पा नावाचा होटगीचा शेजारी ती चालवत होता, आणि पुढच्या सीटवरून चनबसप्पा उतरला, काठी टेकत, एक पाय ओढत. कमलम्मा तांब्या घेऊन दारात उभी होती. त्यानं पायांवर पाणी घेतलं आणि पायरी चढला. कमलम्मानं ते नुसतं बघितलं. इतकी वर्षं तिनं ह्या क्षणाला काय बोलायचं ते मनात रचून ठेवलं होतं. "जिना हाय," एवढंच म्हणाली.

वर सगळे बसल्यावर चंद्रिकानं उभं राहून सरळ सांगितलं. बाई शिकवायला आल्या आहेत, त्यांना बाहेरच्या माणसाला सुई लावायची परवानगी नाही. मी लावणार, त्या जवळ उभ्या राहून सांगणार.

मग जगदेवीची थोरली जाऊ पिशवी उचलून म्हणाली, "ही तर रोजच हाय की हितं. त्यासाठी अक्षत कशाला?" दोघी जावा उठून गेल्या. जुने शिक्षक घड्याळ बघू लागले. गोदावरीबाई कमलम्माकडं बघत होत्या.

चनबसप्पानं काठीवर दोन्ही हात ठेवले. "मला मोठ्या डॉक्टरणीचा हात सांगितला हुता," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. मग त्यानं चंद्रिकाकडं पाहिलं. लग्नाला न आलेला तो तिला पहिल्यांदाच नीट बघत होता. आणि बहिणीकडं वळला.

"तंगी, एक सांग. तू हिच्या हातनं टोचून घेतलीयास काय कदी?"

चंद्रिका खाली सुयांच्या ताटाकडं बघत राहिली. होय म्हणणं खोटं झालं असतं, नाही म्हणणं तिच्या तोंडून येणार नव्हतं. राजशेखर जिन्याशी उभा होता, त्यानंही मान वळवली.

"न्हाई," कमलम्मा म्हणाली.

ती भिंतीचा आधार सोडून खाटेकडं गेली. खाट तिला उंच होती. चंद्रिका आधार द्यायला पुढं आली, तर तिनं तिच्या खांद्यावर भार टाकला आणि वर बसली. सगळ्या माणसांपुढं, भावापुढं, मुलापुढं तिनं लुगडं गुडघ्यापर्यंत सरकवलं.

"अक्षत मी दिली," ती म्हणाली. "तवा पहिल्यांदा मी. लाव गं."

चंद्रिकाचे हात स्पिरिटनं गार झाले होते. तिनं गुडघ्याखाली बाहेरच्या अंगाला बोटानं चाचपलं, थांबली, पुन्हा चाचपलं. लानबाई खाटेच्या पलीकडं उभ्या होत्या, हात पाठीमागं बांधलेले. त्या एक शब्द बोलल्या, चंद्रिकाचं बोट केसभर वर सरकलं. मग सुई गेली. कमलम्मानं डोळे मिटून घेतले होते; तिला वाटलं होतं काटा मोडावा तसं होईल. मुंगी चावल्याएवढंही झालं नाही. मग आत खोल काहीतरी जड झालं, आणि ते जडपण पायाच्या बोटांकडं सरकत गेलं. तिनं डोळे उघडले तर चंद्रिका तिच्या तोंडाकडं बघत होती, दुखतंय का ते बघायला. लग्न होऊन आली तेव्हापासून ही पोर आपल्याकडं असंच बघत आलीय, हे कमलम्माच्या तेव्हा लक्षात आलं.

"बरं हाय," ती म्हणाली.

गुडघ्यांत सुया घेऊन ती तशीच बसून राहिली. वेणीमाधवराव उठले, सदऱ्याची बटणं सोडत म्हणाले की आता माझा नंबर, नाहीतर घरी गेल्यावर माझं काही खरं नाही. गोदावरीबाईंनी त्यांना डोळ्यांनीच गप्प केलं, पण माणसं हसली. मग चिमाबाई, मग जगदेवी. जावा गेल्या तरी ती राहिली होती. जुने शिक्षकही थांबले. दिवस कलेपर्यंत चंद्रिका वाकून काम करत होती, विद्यार्थी ताटं पुढं करत होते, आणि लानबाई प्रत्येकापाशी उभ्या राहून सांगत होत्या. त्यांचे हात एकदाही पाठीमागून पुढं आले नाहीत.

चनबसप्पानं सुई लावून घेतली नाही. कुणी त्याला म्हटलंही नाही. तो खुर्चीत बसून सगळं बघत होता, काठीवर हनुवटी टेकून. पंगतीला मात्र बसला. अनारसे खाल्ले, दूध मागून घेतलं. निघताना चंद्रिका पाया पडली, तेव्हा त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला, जरा जास्त वेळ ठेवला, आणि जीपकडं चालू लागला. पायरी उतरताना त्याला त्रास झाला. कमलम्मानं ते पाहिलं आणि आत वळली. तिला वाटलं, झालं. आला, जेवला, आता परत यायचा नाही.

अधिक संपला आणि निज श्रावण लागला. पहिल्या सोमवारी सकाळी कमलम्मा देवपूजा करत होती, तेव्हा खाली दुकानातून राजशेखरची हाक आली. चनबसप्पा एसटीनं एकटाच आला होता. अक्षत नव्हती, फोन नव्हता, कार्य नव्हतं. तो जिना न चढता तसाच मागच्या खोलीत जाऊन खाटेवर पालथा झाला होता, आणि चंद्रिकाला म्हणत होता, "त्या दिशी लोकं लई हुती. आता लाव."

लानबाई वर्गाच्या शेवटच्या दिवशीच संध्याकाळी पुण्याकडं गेल्या होत्या आणि तिथून विमानानं आपल्या गावी. पुढल्या साली नवा परवाना काढून त्या पुन्हा येऊन गेल्या. येताना कमलम्मासाठी कमळाच्या बियांचा गोड पदार्थ आणला होता, आणि जाताना शेंगाची चटणी डबाभर नेली.

केंद्राला मान्यता मिळाली. माडी आता कायमची वर्गाची आहे, गठ्ठे खाली दुकानात. राजशेखर त्यावरून कुरकुरतो, पण विद्यार्थ्यांना चहा तोच पाठवतो. जगदेवीची धाकटी जाऊ पाठीसाठी परत आली. थोरली आली नाही, ती अजून पेठेत भेटली की तोंड फिरवते. वेणीमाधवरावांचा हात पुरता वर गेला नाही, तरी स्वतःचा भांग स्वतः पाडण्याइतका गेला. दोन वर्षांनी ते झोपेतच गेले. गोदावरीबाई मुलाकडं पुण्याला असतात, आणि फोन केला की आधी सिद्धेश्वराला बरं आहे का विचारतात.

चनबसप्पा दर सोमवारी येत होता, थंडीपर्यंत. कळ पूर्ण गेली नाही, पण बैलाला पाणी दाखवायला तो उठू लागला. आता वयानं फिरणं बंद झालं आहे. मान्यतेच्या समारंभाची अक्षत त्याला घरी पोचली. ती द्यायला होटगीला चंद्रिका गेली होती, नवं इरकल नेसून, ताट हातात धरून. कमलम्मा बरोबर गेली आणि दारात तिच्या मागं उभी राहिली.

कमलम्मा आहे अजून. जिना चढताना आता पायरीला एक पाय टाकते. उतरताना मात्र अजूनही दोन्ही पाय एकाच पायरीवर आणते आणि 'शिवशिव' म्हणते. चंद्रिका म्हणते, ती सवय सुयांनी जायची नाही.